द फँटम टोलबूथ

द फँटम टोलबूथ (शब्दशः अर्थ : मायावी टोलनाका) ही अमेरिकन वास्तुविशारद व लेखक नॉर्टन जस्टर यांनी लिहिलेली इंग्रजी बालकादंबरी आहे. ती १९६१ साली प्रकाशित झाली. तिच्यातील चित्रे व्यंगचित्रकार जूल्स फायफर यांनी काढली आहेत. कशातच रस न वाटणारा मायलो नावाचा मुलगा खेळण्यातल्या मोटारीत बसून एक टोलनाका ओलांडतो आणि शब्द, संख्या, ध्वनी, रंग व कल्पना यांच्या प्रदेशात जाऊन पोहोचतो, असे तिचे कथासूत्र आहे. साधारणतः आठ ते बारा वर्षे वयाच्या वाचकांसाठी ही कादंबरी सुचवली जाते. मात्र तिच्यातील श्लेष, तर्कातील गमती आणि गणितातील कूटे यांमुळे मोठी माणसेही ती वाचतात. मुलांच्या पुस्तकात मुलांना आधीपासून ठाऊक असलेलेच शब्द असावेत, या त्या काळातील समजुतीला या कादंबरीने छेद दिला. बालसाहित्याच्या चर्चेत तिचा उल्लेख मुख्यतः याच कारणासाठी होतो.

लेखक आणि लेखनाची पार्श्वभूमी

नॉर्टन जस्टर यांचा जन्म २ जून १९२९ रोजी न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे वडीलही वास्तुविशारद होते. वडिलांना शब्दांवर कोट्या करण्याची हौस होती व त्या कोट्या ऐकतच जस्टर लहानाचे मोठे झाले. लहानपणी त्यांना प्रत्येक संख्येशी एखादा रंग जोडलेला जाणवत असे. एका इंद्रियाच्या अनुभवाबरोबर दुसऱ्या प्रकारचा अनुभव आपोआप जागा होण्याचा हा प्रकार मानसशास्त्राला परिचित आहे. शब्दांना चव असणे, वाद्यवृंदाने रंग वाजवणे यांसारख्या कादंबरीतील कल्पनांशी त्याचा संबंध जोडला जातो. जस्टर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुशास्त्राचे व पुढे इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात नगररचनेचे शिक्षण घेतले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अमेरिकन नौदलाच्या बांधकाम विभागात काम केले.

१९६० साली त्यांना फोर्ड फाउंडेशनकडून ५,००० डॉलरचे अनुदान मिळाले. मुलांना शहर कसे पाहावे हे समजावून सांगणारे पुस्तक लिहिणे, हा त्या अनुदानाचा उद्देश होता. टिपणे वाढत गेली, पण पुस्तक आकार घेईना. त्या कामाला कंटाळून विरंगुळा म्हणून जस्टर यांनी एका कंटाळलेल्या मुलाची गोष्ट लिहायला घेतली. त्याच सुमारास एका लहान मुलाशी ‘सर्वांत मोठी संख्या कोणती’ या प्रश्नावर झालेल्या संभाषणामुळे शब्द, संख्या आणि अर्थ यांच्याशी मुले कशी झुंजतात, याकडे आपले लक्ष वेधले गेले, असे जस्टर यांनी पुढे सांगितले. शहराविषयीचे ते पुस्तक पूर्ण झाले नाही. मात्र पाहण्याची सवय नसलेल्या माणसाला आजूबाजूचे जग दिसत नाही, हा त्याचा विषय कादंबरीत वेगळ्या रूपाने टिकून राहिला.

जूल्स फायफर त्या वेळी ब्रुकलिनमध्ये जस्टर राहत असलेल्या घरातच राहत होते. ‘द व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकातील व्यंगचित्रमालेमुळे त्यांना प्रसिद्धी मिळाली होती. जस्टर यांनी लिहिलेली पाने त्यांनी वाचली आणि कोणी न सांगताच चित्रे काढण्यास सुरुवात केली. पुढे हे हस्तलिखित संपादक जेसन एपस्टीन यांच्याकडे गेले आणि रँडम हाउसशी संलग्न असलेल्या ‘एपस्टीन अँड कॅरोल’ या नावाखाली ते प्रकाशित झाले.

कथानक

मायलो शाळेत असताना घरी जाण्याची वाट पाहतो आणि घरी असताना बाहेर जाण्याची. शिकण्यात त्याला कोणताच अर्थ दिसत नाही. एके दिवशी शाळेतून परतल्यावर त्याला आपल्या खोलीत एक खोके दिसते. त्यात सुटे भाग जोडून उभा करायचा टोलनाका, काही नाणी, नियमांची पुस्तिका आणि अनोळखी प्रदेशाचा नकाशा असतो. दुसरे काही करण्यासारखे नाही म्हणून मायलो नकाशावरील एका ठिकाणावर डोळे मिटून बोट ठेवतो, आपल्या छोट्या विजेच्या मोटारीत बसतो आणि टोल भरून निघतो.

‘अपेक्षा’ नावाच्या प्रदेशातून पुढे गेल्यावर लक्ष न दिल्यामुळे त्याची वाट चुकते आणि तो डोलड्रम्स येथे अडकतो. भूगोलात विषुववृत्तीय शांत पट्ट्याला हेच नाव आहे. शिडाची जहाजे तेथे वाऱ्याअभावी खोळंबून राहत. इंग्रजीत मनाच्या मरगळीलाही हाच शब्द वापरतात. येथील रहिवाशांना विचार करण्याची आणि हसण्याची कायद्याने बंदी असते. टॉक हा कुत्रा मायलोला तेथून बाहेर काढतो. त्याचे सांगणे साधे असते : विचार न केल्यामुळे मायलो येथे आला, तेव्हा विचार केल्यानेच तो बाहेर पडेल. मायलो आठवेल त्या गोष्टीचा विचार करू लागतो आणि मोटार चालू लागते.

पुढे ते शब्दांच्या नगरीत, डिक्शनोपोलिसमध्ये पोहोचतात. तेथील बाजारात शब्द आणि अक्षरे विकत मिळतात. हंबग हा बढाईखोर कीटक आणि शब्दांची स्पेलिंगे सांगणारी मधमाशी यांच्या भांडणात बाजाराची मोडतोड होते व मायलोला तुरुंगात टाकले जाते. तेथे फेंटली मकाब्र या वृद्ध स्त्रीकडून त्याला या राज्याचा इतिहास कळतो. अझॅझ हा शब्दांचा राजा आणि मॅथमॅजिशियन हा संख्यांचा राजा हे दोघे भाऊ. शब्द श्रेष्ठ की संख्या, या वादाचा निवाडा त्यांनी राइम आणि रीझन या आपल्या दोन मानलेल्या बहिणींवर सोपवला. दोन्ही सारख्याच मोलाच्या आहेत, असा निर्णय या राजकन्यांनी दिला. तो न रुचल्यामुळे भावांनी त्यांना हवेतील किल्ल्यात हद्दपार केले आणि तेव्हापासून राज्याची घडी विसकटली.

राजकन्यांना परत आणण्याच्या कामगिरीवर मायलो, टॉक आणि हंबग निघतात. वाटेत त्यांना डोक्याकडून खाली जमिनीकडे वाढणारा ॲलेक बिंग्ज हा मुलगा भेटतो. त्याचे पाय जमिनीला टेकलेले नसल्यामुळे त्याचा दृष्टिकोन वाढत्या वयाबरोबर बदलत नाही. पुढे एक अदृश्य शहर लागते. तेथील लोक घाईघाईने, खाली माना घालून चालू लागले. इमारतींकडे कोणी पाहीना, म्हणून शहर हळूहळू नाहीसे झाले, तरी लोक पूर्वीच्याच रस्त्यांनी जा-ये करीत राहिले. क्रोमा हा संगीतसंचालक आपल्या वाद्यवृंदाकडून दिवसाचे रंग वाजवून घेतो. तो झोपलेला असताना मायलो स्वतः सूर्योदय वाजवू पाहतो. रंगांचा गोंधळ उडतो आणि काही मिनिटांत एक संपूर्ण आठवडा निघून जातो. ध्वनींच्या दरीत शांततेची सक्ती झालेली असते. तेथे मायलो एक लहानसा शब्द ओठांच्या आड लपवून बाहेर आणतो आणि तोफेत भरून कोंडलेले सगळे आवाज मुक्त करतो.

संख्यांच्या नगरीत, डिजिटोपोलिसमध्ये, अंक खाणीतून काढले जातात आणि हिरेमाणके बाजूला टाकली जातात. अझॅझला मान्य असलेली कोणतीही गोष्ट मॅथमॅजिशियनला मान्य नसते. प्रत्येक बाबतीत असहमत राहायचे यावर दोघेही सहमत आहेत, हे मायलो त्याच्या लक्षात आणून देतो आणि परवानगी मिळवतो. यानंतर अज्ञानाचे डोंगर लागतात. तेथील राक्षसांपैकी एकाचा चेहरा कोरा असतो आणि पोशाख झकपक. तो प्रवाशांना बिनमहत्त्वाची कामे सोपवतो : चिमट्याने वाळूचा ढीग हलवणे, ड्रॉपरने विहीर उपसणे, सुईने कड्याला भोक पाडणे. मायलो हिशेब करतो, तेव्हा ही कामे संपण्यास ८३७ वर्षे लागतील, असे उत्तर येते. राजकन्या सापडतात, परतीच्या वाटेवर राक्षसांचा पाठलाग होतो आणि अखेरीस सर्व जण सुखरूप परततात. त्यानंतरच दोन्ही राजे मायलोला आतापर्यंत लपवलेली गोष्ट सांगतात : ही कामगिरी अशक्य होती. हे आधी कळले असते, तर तो निघालाच नसता.

घरी आल्यावर प्रवासाला अवघा एक तास लागल्याचे मायलोच्या लक्षात येते. दुसऱ्या दिवशी तो शाळेतून धावत घरी येतो, तेव्हा टोलनाका नाहीसा झालेला असतो. त्याची गरज असलेली इतरही मुले आहेत, अशा आशयाचे पत्र तेवढे मागे असते. मायलोला वाईट वाटते. परंतु खोलीतील पुस्तके आणि वस्तू, खिडकीबाहेरचे जग यांत करण्यासारखे इतके काही दिसते की पुन्हा जाण्यास वेळ कोठून काढावा, असा प्रश्न त्याला पडतो.

शब्दखेळांचे स्वरूप

या कादंबरीतील विनोद बहुतांशी एकाच युक्तीवर उभा आहे. वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने न घेता तो अक्षरशः खरा मानायचा आणि त्यातून पात्र, स्थळ किंवा प्रसंग निर्माण करायचा, ही ती युक्ती. इंग्रजीत उतावीळपणे निष्कर्ष काढण्याला ‘निष्कर्षावर उडी मारणे’ म्हणतात. कादंबरीत ‘निष्कर्ष’ हे एक बेट आहे आणि अविचाराने बोलणारा माणूस क्षणात तेथे जाऊन पडतो. परतताना मात्र ज्ञानाचा समुद्र पोहून जावा लागतो. त्या समुद्रातून मायलो आणि टॉक भिजून बाहेर येतात, हंबग कोरडाच राहतो.

काही ठिकाणी विनोद एका शब्दाच्या दोन अर्थांवर आधारलेला आहे. राखणदार कुत्र्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘पहारा’ तसाच ‘घड्याळ’ असाही होतो. म्हणून टॉकच्या अंगात गजराचे घड्याळ आहे. तो ‘टिक’ असा आवाज करतो आणि त्याचे नाव मात्र टॉक आहे. थोरल्या भावाचे नाव आईवडिलांनी टिक ठेवले, पण तो ‘टॉक’ असा आवाज करू लागला. धाकट्याच्या वेळी ही चूक टाळण्यासाठी नाव बदलले, तर त्याचा आवाज पहिल्या नावासारखा निघाला. न्यायाधीशाच्या प्रसंगात ‘शिक्षा’ आणि ‘वाक्य’ या दोहोंसाठी असलेल्या एकाच इंग्रजी शब्दाचा उपयोग केला आहे. मायलो छोटी शिक्षा मागतो आणि न्यायाधीश त्याला दोन शब्दांचे छोटे वाक्य ऐकवतो. त्यानंतर तुरुंगवास मिळतो, तो साठ लाख वर्षांचा.

अनुवादाच्या दृष्टीने हे खेळ अवघड आहेत, परंतु सर्वच परके नाहीत. हवेत किल्ले बांधणे हा इंग्रजी वाक्प्रचार मराठीतील हवेत इमले बांधण्याशी तंतोतंत जुळतो. राइम आणि रीझन ही राजकन्यांची नावे ‘यमक’ आणि ‘विवेक’ या अर्थाची आहेत. ती दोन्ही नसणे म्हणजे इंग्रजीत कशालाही ताळतंत्र नसणे. ‘ताळतंत्र’ हा मराठी शब्दही जोडशब्द असल्यामुळे, ताळ आणि तंत्र यांना घालवून दिल्यावर राज्याचे ताळतंत्र सुटले, असे म्हटले की मूळ कल्पना मराठीत सहज कळते. याउलट ‘वेळ उडतो’ या इंग्रजी म्हणीच्या आधारे घड्याळाचा कुत्रा राजकन्यांना पाठीवर घेऊन किल्ल्यातून खाली उडतो, तेव्हा मराठी वाचकाला मूळ म्हण ठाऊक असावी लागते.

गणित आणि तर्क

शब्दांच्या तुलनेत संख्यांविषयीची प्रकरणे भाषेवर कमी अवलंबून आहेत. डिजिटोपोलिसमध्ये वजाबाकीचा रस्सा वाढला जातो. तो जितका खावा, तितकी भूक वाढते. बारा चेहरे असलेले डोडेकाहेड्रॉन, म्हणजे द्वादशफलक, हे पात्र प्रत्येक प्रश्न गणिताच्या काटेकोरपणाने घेते. सर्वांत मोठ्या संख्येच्या शोधात मायलो अनंताचा जिना चढू लागतो आणि शेवट नसलेल्या गोष्टीच्या शेवटाला पोहोचता येत नाही, हे त्याला पायांनी अनुभवून समजते.

त्या जिन्यावर भेटणारे ०.५८ मूल हे कादंबरीतील विशेष लक्षात राहणारे पात्र आहे. सरासरी कुटुंबात २.५८ मुले असतात. त्यांतील दोन पूर्ण आणि तिसरे हे अपूर्ण. सरासरी ही प्रत्यक्षात कोठेही न आढळणारी संख्या असू शकते, ही संख्याशास्त्रातील प्राथमिक परंतु निसटणारी गोष्ट या प्रसंगातून स्पष्ट होते. त्या मुलाला आपल्या अपूर्णतेचे दुःख नाही. सरासरी कुटुंबाकडे १.३ मोटारी असतात आणि उरलेली ०.३ मोटार चालवणे फक्त त्यालाच जमते, याचा त्याला आनंद आहे.

चित्रे

फायफर यांची चित्रे शाईच्या मोकळ्या, वेगवान रेषांनी काढलेली आहेत. लेखक आणि चित्रकार यांच्यात काम चालू असताना एक खेळकर चुरस होती. चित्रात आणणे अशक्य होईल अशा गोष्टी जस्टर मुद्दाम लिहीत. तडजोडीचे तीन राक्षस हे त्याचे उदाहरण. एक उंच व सडपातळ, दुसरा बुटका व लठ्ठ आणि तिसरा हुबेहूब त्या दोघांसारखा, असे त्यांचे वर्णन आहे. फायफर यांनी ‘अपेक्षा’ प्रदेशातील बुटक्या, गुबगुबीत गृहस्थाच्या चित्रात जस्टर यांचेच रूप उतरवून याची परतफेड केली. पुस्तकाच्या आरंभी असलेला नकाशा जस्टर यांच्या आग्रहामुळे समाविष्ट झाला. वाचताना त्या नकाशाकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते. फायफर यांना पुढे १९८६ साली संपादकीय व्यंगचित्रांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

प्रकाशन आणि स्वीकार

प्रकाशनापूर्वी या पुस्तकाविषयी अनेक शंका व्यक्त झाल्या. त्यातील शब्दसंग्रह मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे, श्लेष त्यांना कळणार नाहीत आणि अद्भुताचा अतिरेक त्यांना गोंधळात टाकील, असे आक्षेप जस्टर यांना ऐकावे लागले. त्या काळी अमेरिकेत वयोगटानुसार शब्दांच्या याद्या ठरवून मुलांची वाचनपुस्तके तयार करण्याची पद्धत रूढ होती. तिच्या तुलनेत हे पुस्तक उघडपणे नियमबाह्य होते. कठीण शब्द असा काही नसतो, मुलाला अद्याप न भेटलेले शब्द तेवढे असतात, अशी भूमिका जस्टर यांनी वेळोवेळी मांडली.

‘द न्यू यॉर्कर’मधील एमिली मॅक्सवेल यांच्या समीक्षणामुळे पुस्तकाकडे लक्ष वेधले गेले. त्यांनी त्याची तुलना जॉन बन्यन यांच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या सतराव्या शतकातील रूपककथेशी केली. तेथे सुस्त आत्मा जागा होतो, येथे सुस्त बुद्धी, असा त्यांच्या तुलनेचा आशय होता. त्यानंतर कादंबरीचा खप वाढत गेला आणि तो तीस लाख प्रतींच्या पुढे गेला. अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले. १९९६ मधील पस्तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीसाठी चित्रकार-लेखक मॉरिस सेंडाक यांनी तिचे रसग्रहण लिहिले, तर २०११ साली बालसाहित्याचे अभ्यासक लेनर्ड मार्कस यांनी टिपांसह संपादित केलेली आवृत्ती निघाली.

वैशिष्ट्ये आणि मर्यादा

शब्दखेळांमुळे या कादंबरीची तुलना ल्यूइस कॅरल यांच्या ‘अ‍ॅलिसेस अ‍ॅडव्हेंचर्स इन वंडरलँड’ (१८६५) या पुस्तकाशी नेहमी केली जाते. दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. अ‍ॅलिसच्या जगात नियम सतत उलटतात आणि त्यातून काही साध्य होण्याची अपेक्षा नसते. मायलोच्या प्रवासाला निश्चित उद्दिष्ट आहे आणि प्रत्येक मुक्कामावर विचार करण्याची एखादी चुकीची सवय उघडी पडते. आळस, उतावीळपणा, गोंगाट, फुटकळ कामांत वेळ घालवणे या सवयींना येथे भूगोल मिळाला आहे. अशा पुस्तकाला उपदेशाचे वळण लागण्याचा धोका असतो. जस्टर तो बहुधा विनोदाने टाळतात. मायलो शिकतो तो बहुतेक वेळा स्वतः चुकून, आणि शहाणपण सांगणारी पात्रेही पुष्कळदा हास्यास्पद असतात. हास्याला कथानकातही निर्णायक जागा आहे. माणसांची शिरगणती करण्याच्या मिषाने त्यांच्या जाणिवा काढून घेणारा अधिकारी हेतूची, कर्तव्याची आणि प्रमाणाची जाणीव हिरावून घेतो, परंतु विनोदबुद्धी त्याला नेता येत नाही आणि तिच्याच बळावर प्रवासी सुटतात.

कादंबरीच्या काही मर्यादाही आहेत. प्रवासाला निघणारी तिन्ही प्रमुख पात्रे पुरुषवर्गातील आहेत. शहाण्या राजकन्या सुटकेची वाट पाहत बसलेल्या दाखवल्या आहेत. प्रसंगांची मालिका फार लांब असल्यामुळे काही पात्रे एका प्रकरणापुरतीच येतात. अनेक श्लेष इंग्रजीचा चांगला परिचय नसल्यास समजत नाहीत. तथापि एखादा श्लेष न कळल्यामुळे कथा अडत नाही. दहाव्या वर्षी निसटलेला अर्थ पुढील वाचनात हाती लागतो. मुलांना सगळे एकाच वाचनात समजले पाहिजे, हा आग्रह लेखकाने सोडल्यामुळेच हे शक्य झाले आहे.

रूपांतरे

या कादंबरीवर एमजीएम या संस्थेने चित्रपट काढला. तो १९७० साली प्रदर्शित झाला. त्याचा आरंभ व शेवट प्रत्यक्ष चित्रीकरणाने आणि मधला भाग सचेतपटाच्या पद्धतीने केलेला आहे. चक जोन्स हे त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते. बुच पॅट्रिक या बालनटाने मायलोची भूमिका केली. जस्टर यांना हा चित्रपट आवडला नव्हता. पुढे संगीतकार अर्नल्ड ब्लॅक यांनी या कथेवर संगीतिका रचली. तिची संहिता शेल्डन हार्निक व जस्टर यांनी लिहिली होती.

लेखकाचे पुढील कार्य

या यशानंतरही जस्टर यांनी वास्तुविशारदाचा व्यवसाय सोडला नाही. १९७० ते १९९२ या काळात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात अध्यापन केले. ॲमहर्स्ट येथील एरिक कार्ल चित्रपुस्तक संग्रहालयाची इमारत त्यांच्या भागीदारी संस्थेने उभारली. ‘द डॉट अँड द लाइन’ (१९६३) ही सरळ रेषा आणि बिंदू यांची प्रेमकथा त्यांनी लिहिली. तिच्यावरील चक जोन्स यांच्या लघुपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. ‘द हॅलो, गुडबाय विंडो’ (२००५) या त्यांच्या पुस्तकातील चित्रांसाठी ख्रिस राश्का यांना २००६ चे कॅल्डकॉट पदक मिळाले. ‘द ओडियस ओगर’ (२०१०) या पुस्तकाच्या निमित्ताने जस्टर आणि फायफर पुन्हा एकत्र आले. जस्टर यांचे ८ मार्च २०२१ रोजी, तर फायफर यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले.